ऐच्छिक रकाना

अर्जाच्या शेवटी एक रकाना आहे, ऐच्छिक.
'गुणांबद्दल काही सांगायचं असल्यास
अडीचशे शब्दांत सांगा.'
ऐच्छिक म्हणजे काय, मला ठाऊक आहे.
पाहुण्यांनी 'आमची काही मागणी नाही' म्हणावं, तसं.

पाच पूर्णांक चार.
धुळ्यातली चार वर्षं, ती मला पाच लागली.
एम-थ्री तीनदा.
तिसऱ्यांदा सुटला तेव्हा पेढे नव्हते,
आईने चहा ठेवला, जरा जास्त साखरेचा.

प्रणोती पुण्याहून सांगते,
वडिलांचं आजारपण लिही, सगळेच लिहितात.
वडील माझ्यासमोर बसले होते,
कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल.
तिसरी भाकरी.
त्यांना कसं आजारी पाडू?

खरं तर त्या वर्षी मला काहीच झालं नव्हतं.
वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं,
आणि 'कळलं नाही' म्हणण्यापेक्षा
होस्टेलवर झोपणं सोपं होतं.

मग जळगाव, एमआयडीसी, चटईचा कारखाना.
अमळनेरहून सकाळची गाडी,
धरणगाव, पाळधी, डब्यात दादर ज्वारीची भाकरी.
मे महिन्यात दुपारी पट्टी तुटायची,
अकरा नंबरच्या लूमवर सगळ्यात जास्त.
सगळे म्हणायचे, दाणा खराब आहे, व्यापारी फसवतो.
मी दोनशे पानी वही घेतली.
तासातासाला तुटलेल्या पट्ट्या लिहिल्या,
हौदातलं पाणी किती अंश, बाहेर किती.
चव्वेचाळीस. पंचेचाळीस. एकदा सत्तेचाळीस,
त्या दिवशी पेन गळत होतं.
दाणा बिचारा चांगला होता.
पाणी गच्चीवरच्या टाकीतून यायचं,
चहापत्ती टाकावी इतकं तापून.
टाकीवर ओलं गोणपाट टाकलं, रात्रीचं पाणी साठवलं.
शंभर किलोत नऊ किलो भंगार निघायचं, ते चारवर आलं.
शेठ म्हणाले, 'बरं.'
पुढच्या पगारात पंधराशे जास्त होते.

परतीच्या गाडीत मोबाइलवर संख्याशास्त्र शिकले.
पाळधीपाशी रेंज जायची,
सरांचं तोंड उघडं राहायचं धरणगावपर्यंत.
तीच चिन्हं, तोच वाकडा सिग्मा,
पण आता त्याच्याखाली माझ्या पट्ट्या होत्या,
मीच मोजलेल्या.
ब्याण्णव मिळाले. कुणाला सांगितलं नाही,
आईने तरी चहा गोड केला.

शिफारसपत्राला मोठं नाव बघ, प्रणोती म्हणाली.
मी शालिकभाऊंकडे गेले.
शिफ्ट सुपरवायझर, शिक्षण नववी.
त्यांनी चिंधीने हात पुसले, खुर्चीवर नीट बसले,
आणि खैरनार क्लार्कला म्हणाले, लिख:
'हाई पोर चुकस, पन चूक दपाडस नही.'
एवढंच? खैरनारांनी विचारलं.
'आखो काय?'
मग वहीचं, टाकीचं, गोणपाटाचं
खैरनारांनीच विचारून विचारून काढून घेतलं.
इंग्रजी करताना ते 'दपाडस'पाशी अडले.
शब्द सापडला,
पण त्यात कणगीमागचा अंधार नव्हता.
खाली सही, मराठीत, दोनदा गिरवलेली.

रात्री रकान्यात मी लिहिलं,
माझ्या घरी सगळे ठणठणीत होते.
मी अभ्यास केला नाही.
समजत नाही हे सांगायची लाज वाटली,
आता वाटत नाही, वही सोबत जोडली आहे,
पान सदतीसवर शाईचा डाग आहे, तो माझा.
एकशे नऊ शब्द उरले.
थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसले,
मग तसेच सोडले.

सकाळी शालिकभाऊंना सांगितलं, अर्ज गेला.
लांबचं कॉलेज आहे, समुद्राकडचं.
त्यांनी अकरा नंबरची पट्टी बोटाने ताणून पाहिली,
आणि विचारलं,
'तठे ऊन कितलं पडस?'